स्वीडनमधल्या एक्शो गावाला जाताय? आधी चौकाच्या उत्तरेला वळा

स्टॉकहोमहून रेल्वेने येऊन नेशो स्टेशनवर उतरा आणि तिथून एक्शोची छोटी रेल्वेगाडी पकडा. एक्शोत पोचलात की थेट मोठ्या चौकाच्या उत्तरेकडच्या गल्ल्यांत शिरा. 1856 च्या आगीत दक्षिण भाग जळाला, तिकडे नंतर रुंद रस्ते झाले. उत्तरेला मात्र सोळाव्या शतकातली अरुंद आखणी आणि जुनी लाकडी घरं टिकून आहेत. नुसते दर्शनी भाग बघून परत फिरू नका, खरी मजा आतल्या अंगणांत आहे: लाकडी सज्जे, बाहेरचे जिने, फालून गावच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा तो लाल रंग. मात्र तिथे माणसं राहतात, तेव्हा बंद फाटक उघडू नका. आशान्स्का गोर्डेन हे जपलेलं घर बघाच, वेळा आधी विचारून घ्या. आणि कृपा करून तिथे सिगारेट पेटवू नका; 2015 मध्येही आगीत जुनी घरं गेली आहेत.