केबलचं नेट संध्याकाळी रडते, मोडेम बदलू का?

भाऊ, तुम्ही लिहिलं का ४० एमबीपीएसचा प्लॅन हाय, दिवसा कधी चालते कधी नाही, संध्याकाळी तं ३-४ च्या वर जातच नाही, अन् केबलवाला म्हणते मोडेम खराब झाला, दोन हजार द्या. देऊ नका, निदान आज तं नकाच देऊ.

पहिले हे सांगा, स्पीड मोजला कशावर? आतल्या खोलीत मोबाईल घेऊन मोजला असन तं तो वायफायचा स्पीड झाला. कोणाचा लॅपटॉप आणा, लॅन वायर थेट मोडेमले लावा, घरच्यांचे मोबाईल वायफायवरून काढा अन् सकाळी सहाले, दुपारी, रात्री नऊले मोजून कागदावर लिहा. (डाउनलोड होताना सेकंदाले ५ एमबी दिसलं तं ४० पूर्ण भेटून राह्यलं, आठनं भागायचं असते.) रोज सकाळी ३८ अन् रात्री ४ असं येत असन तं गर्दी होय, सगळ्या गल्लीचं पाणी एकाच नळातून.

माझं वेगळं होतं. मागच्या पावसाळ्यात नेट दिवसभर तुटे, पोराचा ऑनलाईन फॉर्म तीनदा अर्ध्यात अडकला, अन् मलेही वाटलं का मोडेमच गेला. मंग एक दिवस मोडेम अन् ॲडाप्टर पिशवीत घातला अन् सरळ केबलवाल्याच्या कंट्रोल रूमले नेऊन तिथल्या वायरले लावला. शेजाऱ्याचा मोडेम आपल्या घरी आणून लावू नका, प्रत्येकाचा मॅक नंबर (मोडेमची ओळख सांगणारा नंबर) त्याच्या खात्याले बांधलेला असते, नेहमी चालतेच असं नाही. आपलाच मोडेम दुसरीकडे न्यायचा. तिथं तो धाड धाड ३९ वर! केबलवाला गप.

घरी येऊन ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडलं (आकडे इंग्रजीतच टाका), बहुतेक केबल मोडेमचं पान तिथं खुलते. त्यात डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेमपर्यंत येणाऱ्या सिग्नलचा जोर पाहा, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नल मोजायचं माप) मधात असली तं चांगली. माझी उणे १४ होती. एसएनआर, म्हणजे सिग्नल खरखरीच्या किती वर हाय तो आकडा, ३३ डीबीच्या वर पाहिजे, अन् अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेम उलटा पाठवते त्या सिग्नलचा जोर, ५० च्या पुढं गेली असन तं समजा का मोडेम बिचारा बोंबलून बोंबलून बोलून राह्यला.

मंग वायर धरून मागं मागं गेलो. टीव्हीसाठी लावलेला स्प्लिटर (एका वायरच्या दोन करणारा डब्बा) काढला, दोन तोंडाचा स्प्लिटर साडेतीन डीबी म्हणजे अर्ध्याहून जास्त सिग्नल खाते. खरा चोर मात्र कडुनिंबाजवळच्या जॉइंटात होता. वानरं त्या वायरले लोंबकळतात, जॉइंट ढिला झालेला, वरून नुसती काळी टेप, अन् टेप सोडली तं आतून पाणी निथळलं, पिन हिरवी-काळी पडलेली. तेवढा तुकडा कापून नवीन कनेक्टर लावला, खाली वायरचा एक झोल लोंबता सोडला का पाणी तिथून टपकून जाईन. पॉवर उणे ३ वर आली. मोडेम अजून तोच हाय.

मोडेमचे लाईट मधातच सगळे विझून पुन्हा लागत असन तं ॲडाप्टर बदलून पाहा, व्होल्ट तेच अन् अँपिअर तेवढेच किंवा जास्त. आमच्याइकडे व्होल्टेजच्या खालीवर होण्यानं मोडेमच्या आधी तोच मरते.

बदलायचा कधी? कंट्रोल रूमच्या वायरवरही रडला तं. किंवा मागच्या स्टिकरवर डॉक्सिस २.० (केबल मोडेमची जुनी पिढी) लिहिलं असन तं, कारण तो नेट एकाच चॅनेलवर (टीव्हीचं नाही, डेटा येण्याची वाट) ओढते, त्यावर गर्दी झाली का खलास, ३.० वाला चार किंवा जास्त चॅनेल जोडून घेते. पण केबलवाल्याले आधी विचारा का त्याच्याइकडून चार चॅनेल येतात का, नाहीतं नवीन डब्ब्याचा काही फायदा नाही.