मक्याच्या पिठाचा स्लाइम का फसला?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी निपाणीची. माझी लेक साडेतीन वर्षांची आहे. बाजारातल्या डबीतला स्लाइम, म्हणजे हातात ताणून खेळायचा तो लिबलिबीत गोळा, तिने दोनदा तोंडात घातला, म्हणून पोटात गेला तरी चालेल असा घरीच करायचं ठरवलं. एका व्हिडिओत गोंद आणि बोरॅक्स होतं, ते करायची भीती वाटली. दुसऱ्यात कॉर्नफ्लोअर आणि पाणी सांगितलं होतं. भाकरीसाठी गिरणीतून आणलेलं मक्याचं पीठ घरात होतंच, तेच भिजवलं. नुसता रवाळ चिखल झाला. काय चुकलं? सासूबाई म्हणतात, अन्नाशी खेळू देऊ नये.

उत्तर : अगं, बोरॅक्स घेतलं नाहीस हे फार बरं केलंस. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनार डाग देताना वापरतात तो. गोंदाला ताण येतो तो त्याच्यामुळेच, पण मुलाच्या पोटात तो जाता कामा नये.

आता मक्याचं पीठ. गिरणीवर अख्खा दाणा दळला जातो, त्यात साल असते, दाण्याचा कोंब असतो, सगळं असतं. किराणा दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून पांढरीशुभ्र, चिमटीत धरली तर करकरणारी पावडर मिळते, तो मक्याचा नुसता चीक. नावाने जवळचे, गुणाने अगदी वेगळे. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला साधारण एक वाटी पाणी घाल. बुक्की मारलीस तर घट्ट लागेल, हात सैल सोडलास की बोटांतून ओघळेल. हे तुझ्या सासूबाईंना नवं नाही. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून ठेवतात. सकाळी वरचं पाणी ओतून टाकल्यावर तळाला बसलेला चीक बोटाने उकरताना असाच हट्ट करतो. तो लेकीला दाखवायला त्यांनाच सांग. हा खेळ मात्र कच्च्या पिठाचा, हातापुरताच. कणीक असो की कॉर्नफ्लोअर, कच्च्या पिठात जंतू असू शकतात. मी बालवाडीत असताना कणकेचे गोळे खुशाल खेळायला द्यायचे, मुलं चाटायची आणि मी काही बोलायची नाही. आज देणार नाही.

तोंडात घालणाऱ्या पोरीसाठी इसबगोल घे. माझ्या नातीसाठी शहापूरच्या घरात मी हाच करते. इसबगोलाचा भुसा मिक्सरवर बारीक कर, तो उडतो तेव्हा लेकीला जरा लांब बसव. एक चहाचा चमचा भुसा एक कप पाण्यात ढवळ आणि उंच पातेल्यात मंद आचेवर ठेव. उंच अशासाठी की हे दुधासारखं वर येतं. फेस चढला की आच बंद, खाली बसला की परत चालू. असं चार-पाच वेळा कर आणि सारखं ढवळत राहा. आधी शेंबडासारखं दिसेल (मुलांना हाच शब्द आवडतो), मग पातेल्याच्या कडा सोडून एकत्र गोळा होऊ लागेल. ताटलीत ओत आणि पूर्ण गार होऊ दे. बाहेरून कोमट लागला तरी आत बराच वेळ चटका असतो, म्हणून मधोमध बोट घालून आधी तू बघ. हाताला चिकटत असेल तर आणखी दोन वेळा आटव. फार घट्ट झाला तर चमचाभर पाणी घालून परत गरम कर.

रंगासाठी कोकमाचं पाणी छान, त्याच पाण्यात शिजव. बीटाचा रस उकळला की फिका पडतो, तो गार होताना घाल. हळद नको, फ्रॉकवरचा डाग निघणार नाही.

एक मात्र नीट ऐक. पोटात गेला तर चालेल म्हणजे खाऊ नव्हे. बोट चाटलं तर हरकत नाही, वाटीभर गिळायला देऊ नको. इसबगोल शेवटी रेचकच, आणि मोठा गोळा घशात अडकू शकतो. कोरडा भुसा तर तिच्या हाताला लागूच देऊ नको. ओला होताच फुगतो. खेळताना तू शेजारी बस.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. म्हणून मी चमचाभर भुशाच्या वर जात नाही, आणि नातीला आधी पोटभर जेवू घालते. कुरड्यांच्या दिवशी तर त्यांच्याच हातचा शिजवलेला चीक दूध-साखर घालून लेकीला दे. गरम असताना चमच्याला तो कसा लांब ताणला जातो ते तिला बघू दे. तोही स्लाइमच, आणि तो तर सगळा खायचा.

खेळून झालेला इसबगोल त्याच दिवशी टाक, आपल्याकडच्या पावसाळी दमटीत लगेच वास धरतो. मोरीत किंवा बेसिनमध्ये नको, फुगून पाइप तुंबतो. जास्वंदीच्या आळ्यात पुरलास तरी चालेल.