तुमच्यावर काही गुदरलं नाही, असं कोण म्हणतं?

लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या जबान्या तुम्ही टाइप करता, रात्री दोनला दचकून जाग येते, आणि वर पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘माझ्यावर तर काहीच गुदरलं नाही, मग मला त्रास व्हायचा हक्क काय?’ त्या वाक्यापाशी मी थांबले. मी नऊ वर्षं आपत्कालीन फोन घेत होते. रक्ताचा थेंब पाहिला नाही, सगळं कानांनी सोसलं.

झोप, व्यायाम, सुट्टी हे तुम्हाला सांगून झालं असेल, ते सोडते.

एका रात्री एका आईचा फोन आला, बाळ श्वास घेत नव्हतं. मी सांगत होते तशी ती छाती दाबत होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती. त्यानंतर कुणीही काहीही मोजायला लागलं की माझे हात गार पडायचे. दोन दिवसांनी ऑफिसने आम्हा बारा जणांना एका खोलीत बसवलं. ‘मन मोकळं करा’, हजेरी सक्तीची. प्रत्येकाने आपला सर्वांत वाईट फोन तपशीलवार सांगायचा. माझी चूक ही की मी उठून गेले नाही. आत जाताना माझ्या डोक्यात एक आई होती. बाहेर आले तेव्हा बाकी अकरा जणांचे फोनही माझ्याच कानात वाजत होते. अशा एकाच बैठकीतल्या सक्तीच्या उजळणीने पुढचा त्रास टळत नाही, हे अभ्यासांत दिसून आलंय. जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका म्हणते. मला हे फार उशिरा कळलं.

मग उपचारासाठी रजेचा अर्ज केला. त्यात प्रश्न होता, ‘घटनास्थळी हजर होतात का?’ नाही. अर्ज परत. आजही आठवलं की संताप होतो. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत कामामुळे असे तपशील वारंवार कानांवर येणं हाही आघाताशी आलेला संबंध धरलाय, आणि बालअत्याचाराचे तपशील पुन्हापुन्हा ऐकणारे पोलीस हे उदाहरणच दिलंय. तुमचं काम याहून किती वेगळं आहे? रजेचा अर्ज केलात तर हे त्यात लिहा. (मी डॉक्टर नाही. तुम्हाला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार, आहे असं माझं म्हणणं नाही, ते तज्ज्ञच ठरवतील.)

समुपदेशकाकडे जाताना आधी दोन गोष्टी विचारा: आघातावर काम केलंय का, आणि माझं बोलणं ऑफिसला कळवणार का. दुसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा, हे माझं ठाम मत.

सहकाऱ्याशी जरूर बोला, पण आधी विचारून, आणि प्रसंग न सांगता: ‘आजची फाइल जड गेली, दहा मिनिटं बसतेस का?’ एवढं पुरतं. ध्वनिमुद्रण ऐकून टाइप करत असाल तर हेडफोन एकाच कानाला लावा आणि आवाज कमी ठेवा. टायपिंगला फोटो लागत नसतील तर फाइलमधले फोटो उघडू नका. अशी जबानी दिवसाच्या शेवटच्या तासाला घेऊ नका, ती घरी सोबत येते.

आणि जगणंच नको वाटायला लागलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा. मी तीन महिने थांबले होते.