रोज प्रार्थना होते, तरी भावाभावांत मत्सर का?

"ताई, आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते, तरी मोठ्याच्या मनातला धाकट्याबद्दलचा मत्सर जात नाही. आमचाच विश्वास कमी पडतो का?" खानदेशातल्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मला या ना त्या रूपात येतच असतो. धुळ्याच्या एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील एसटीत वाहक. मोठा 14 वर्षांचा, धाकटा 9 चा. धाकटा संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, बायबलमधली वचनं धडाधड म्हणतो, नाताळच्या कार्यक्रमात गातो. मोठ्याने नाताळच्या आदल्या दिवशी त्याचं नवं जाकीट कात्रीने कापलं. वडिलांनी मारलं, आईने उपास धरला, चर्चच्या पाळकांनी काइन आणि हाबेलची, मत्सरापोटी भावाने भावाला मारल्याची, गोष्ट सांगितली. पोराने त्यातून एवढंच घेतलं की आपण खुनी.

मी त्याला एकट्याला भेटले. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गप्पांनंतर विचारलं, घरी प्रार्थनेत कोण काय म्हणतं? त्याने डोळे मिटून वडिलांची हुबेहूब नक्कल केली. "हे स्वर्गीय बापा, धाकट्याला तू चांगली बुद्धी दिलीस, तुझे आभार. मोठ्यालाही सुबुद्धी दे, त्याचं अभ्यासात लक्ष लागू दे." हे रोज, आणि त्यावर आजीसकट सगळ्यांचं आमेन. मग म्हणाला, "देवले बी तोच आवडस."

एरवी बापाला उलट बोलता येतं. आमेनला उलट काय बोलणार? हात जोडून मारलेला टोमणा जास्त खोल जातो, आणि आपण टोमणा मारतोय हे मारणाऱ्याला कळतही नाही.

वडील चिडले. "प्रार्थना कशी करायची ते आता तुम्ही शिकवणार?" त्यांचं चिडणं साहजिक होतं. मी पवित्र शास्त्रच उघडलं. उत्पत्ती या पुस्तकाच्या 37 व्या अध्यायात योसेफाबद्दलचा भावांचा द्वेष नंतर येतो. बापाने, याकोबाने, सगळ्या मुलांत एकट्या योसेफाला दिलेला पायघोळ झगा आधी येतो. संडे स्कूलमध्ये आपण भावांना नावं ठेवतो आणि झगा शिवून देणाऱ्या बापाला सोडून देतो. मग लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय, येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट. पैसा उडवून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी करतो. त्याचा मोठा भाऊ रागाने घराबाहेर उभा आहे, मला कधी करडूही दिलं नाही म्हणतो. बाप बाहेर येतो, तक्रार पुरती ऐकतो. "भावासारखा हो" असं एकदाही म्हणत नाही. उलट, माझं आहे ते सगळं तुझंच आहे, असं सांगतो. वडील बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसले.

मग ठरलं ते असं. घरच्या प्रार्थनेत कुणाच्याही सुधारणेची मागणी नाही. सांगायचं ते दिवसा, तोंडावर. ज्याची त्याची प्रार्थना ज्याने त्याने करायची. गप्प बसायचीही मुभा आणि तक्रारीचीही, कारण पवित्र शास्त्रातलं 13 वं स्तोत्र देवाकडच्या तक्रारीनेच सुरू होतं. जाकिटाचे पैसे मोठ्याच्या खाऊच्या पैशांतून कापायचे. आणि साप्ताहिक सुट्टीला वडिलांनी त्याला एकट्याला बाहेर न्यायचं, मार्कांचा विषय न काढता. शेवभाजी खायला गेले तेव्हा पहिल्यांदा दोघांना बोलायला काही सुचेना, असं वडीलच सांगत होते.

पोरगं बरेच दिवस प्रार्थनेत गप्प होतं. मग एका संध्याकाळी म्हणालं, "देवा, मला तो आवडत नाही." आजीने डोळे उघडले. धाकटा रडायला लागला. वडील म्हणाले, "आमेन." मला विचाराल तर त्या घरातली ती पहिली खरी कौटुंबिक प्रार्थना.

धाकट्याशीही बोलले. सतत शहाणं राहायची त्याला धास्ती होती. एकदा वचन विसरला तर रात्री झोपला नव्हता. कौतुकाचंही ओझं होतं, ते घरात कुणाला दिसत नाही.

मूल भावंडाला वारंवार इजा करत असेल, जेवण-झोप तुटली असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवेत. त्यात अविश्वास काही नाही.

या घरात भांडणं संपलेली नाहीत. सायकलवरून आणि मोबाइलच्या चार्जरवरून अजून जुंपते. फक्त आता मोठा भांडतो तेव्हा समोरासमोर भांडतो, आणि धाकटाही ऐकून घेत नाही.