ट्रॅव्हल टीममध्ये निवड झाली, आणि मुलगी बेंचवरच

न्यू जर्सीत मराठी कुटुंबांबरोबर काम करताना जानेवारी उजाडला की एक तक्रार हमखास येते. "मुलगी बास्केटबॉलच्या ट्रॅव्हल टीममध्ये निवडली गेली. आम्ही फी भरली, दर शनिवार-रविवार गाडी काढतोय, आणि कोच तिला खेळवतच नाही. काढून घेऊ का तिला?" आवाजात राग असतो, पण मुलीचा सगळ्यांदेखत अपमान होतोय ही खरी सल असते. या प्रश्नाचं उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सातवीत. तिसरीपासून गावच्या रिक्रिएशन लीगमध्ये खेळलेली, तिथली हुकमी खेळाडू. रिक्रिएशनमध्ये नाव नोंदवलं की संघ मिळतो, आणि प्रत्येकीला खेळवायचंच असा तिथे सहसा नियम असतो. ट्रॅव्हल टीमचं तसं नाही. शाळा सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात निवड चाचणी होते, गावातल्या एका इयत्तेतल्या दहा-बारा मुली निवडल्या जातात, आणि नोव्हेंबरअखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत हा संघ आजूबाजूच्या गावांच्या संघांशी खेळतो. आठवड्याला दोन संध्याकाळी सराव आणि सुट्टीच्या दिवशी एक किंवा दोन सामने. आपल्या रिक्रिएशन संघात जी पहिली होती ती इथे आठवी-नववी ठरू शकते, कारण इथे सगळ्याच पहिल्या आलेल्या असतात. हे कुणी आधी सांगत नाही आणि पालकही विचारत नाहीत.

बाबा पहिल्या भेटीला आले तेच फोन हातात धरून. त्यात सामनावार नोंदी होत्या. शनिवार सकाळ, 4 मिनिटं 20 सेकंद. रविवार, 3 मिनिटं. त्याच्या पुढच्या शनिवारी, 0. "ताई, हे बघा. कोचची स्वतःची मुलगी जवळजवळ पूर्ण सामना आत असते. आम्ही काय फुकट आणलंय का पोरीला?"

त्यांचा राग मला पूर्ण पटत होता. गावच्या संघांचे कोच बहुतेक वेळा पालकांमधलेच, विनामोबदला वेळ देणारे असतात. त्यांचीच मुलगी संघात असते, आणि पक्षपात होतो किंवा झाल्यासारखा दिसतो. पण एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट सांगितली. फीमधून जिमचं भाडं, पंच, लीगची नोंदणी, युनिफॉर्म आणि सराव मिळतो. किती मिनिटं खेळायला मिळेल, ते फीत बसत नाही. ते पटणार नसेल तर चेक द्यायच्या आधी विचारायचं. हंगाम सुरू होण्यापूर्वी पालकांची बैठक होते, तिथे सरळ विचारावं: सगळ्या मुलींना प्रत्येक सामन्यात उतरवणार का? चुरशीच्या सामन्यातही? कोच काय सांगतो यावरून संघ कसा आहे ते कळतं. माझं स्वतःचं मत ठाम आहे. बारा-तेरा वर्षांच्या बारा मुली घ्यायच्या आणि सातच खेळवायच्या, हा उरलेल्या पाच जणींवर अन्याय आहे. एवढंच असेल तर आठच मुली घ्याव्यात. पण सगळेच कोच असा विचार करत नाहीत, आणि हंगामाच्या मध्यावर भांडून ते बदलत नाही.

आईची काळजी वेगळी होती. गेले काही शनिवार मुलगी सकाळी पोट दुखतंय म्हणायची, युनिफॉर्म घालायला टाळाटाळ करायची. घरच्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता: बेंचवर बसून खचलीये.

मी मुलीशी एकटीशी बोलले. पहिली वीस मिनिटं "आय डोन्ट नो" याच्या पलीकडे ती गेली नाही. मग मी बेंचबद्दल विचारायचं सोडलं आणि शनिवारची सकाळ उठल्यापासून सांग म्हटलं. दात घासणं, नाश्ता, बॅग, आणि मग पांढरी शॉर्ट. तिथे ती थांबली. बास्केटबॉलमध्ये यजमान संघ पांढरा किंवा फिकट रंग घालतो, त्यामुळे संघाचा एक जोड पांढरा. तिची पाळी वर्षभरापूर्वी सुरू झाली होती आणि अजून तारखा ठरलेल्या नव्हत्या. एका जिममध्ये तिच्या एका मैत्रिणीच्या शॉर्टवर डाग पडला, स्टँडमधली मुलं हसली, आणि त्या दिवसापासून हिला पांढऱ्या शॉर्टची भीती बसली. बेंचवर बसल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण पांढऱ्या शॉर्टमध्ये आत उतरण्यापेक्षा ते बरं, असंही वाटत होतं.

मी तिला सांगितलं, ही भीती जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंनाही वाटते. विम्बल्डनमध्ये पांढऱ्याखेरीज काही चालत नसे. 2023 पासून तिथे महिलांना आत गडद रंगाची शॉर्ट घालायची मुभा मिळाली. त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघानं पांढऱ्या शॉर्ट सोडून निळ्या घेतल्या. कारण खेळाडूंनी तोंड उघडलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे आम्ही कोचला सांगू शकतो?"

आईला हे कळलं तेव्हा ती रडली. घरात या विषयावर मोकळं बोलणं होतं असं तिला वाटत होतं. उपाय तसा साधा निघाला. आत काळी घट्ट शॉर्ट घालायची. संघाच्या बॅगेत सगळ्यांसाठी पॅडचा डबा ठेवायची जबाबदारी एका आईनं घेतली, आणि पुढच्या वर्षी गडद शॉर्ट मागवाव्यात असं पालकांनी मिळून कळवलं. मुलींच्या संघाला पुरुष कोच असेल तर एक तरी बाई बेंचजवळ असावी असा आग्रह मी नेहमी धरते, त्यामागचं एक कारण हेच.

पण बेंचचा प्रश्न तसाच होता. दुसऱ्या भेटीत मुलीनं स्वतःहून सांगितलं, "कोचनं बाहेर काढलं की मी बाबांकडे बघते. ते फोनमध्ये वेळ लिहीत असतात." बाबा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्याच आठवड्यात त्या नोंदी त्यांनी काढून टाकल्या.

कोचशी बोलायचं कुणी? बाबा मोठा ईमेल लिहून तयार होते. मी म्हटलं, सातवीतल्या मुलीनं हे स्वतः विचारायला हवं, आणि ती विचारू शकते. आम्ही तिघांनी मिळून तिचं वाक्य ठरवलं. "मला जास्त वेळ का नाही?" असं विचारलं की कोच बचावाला लागतो. "मला जास्त वेळ मिळावा म्हणून मी कशावर काम करू?" असं विचारलं की काहीतरी हाती लागतं. सामन्यानंतर लगेच नाही, सरावाच्या दिवशी पाच मिनिटं आधी जाऊन विचारायचं. सामना संपल्यावर चोवीस तास पालकांनी कोचशी त्यावर बोलायचं नाही असा नियम बऱ्याच संघांमध्ये असतो, आणि तो शहाणपणाचा आहे.

कोचनं तिला दोन गोष्टी सांगितल्या. डाव्या हातानं लेअप (बास्केटजवळ धावत जाऊन एका हातानं टाकायचा शॉट) टाकता येत नाही, त्यामुळे समोरचा संघ तिला डावीकडे ढकलतो. आणि बचावात ती बॉलकडे बघत राहते, तिनं अडवायची ती खेळाडू पाठीमागून निसटते. ऐकून बाबा गप्प झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत हे त्यांना स्टँडमधूनही दिसलं असतं, पण त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

त्या हिवाळ्यात साताऱ्याहून आजी आल्या होत्या. नातीला एवढ्या लांब नेऊन बसवून ठेवतात हे त्यांना सुरुवातीला अजिबात रुचलं नव्हतं. पण एक सामना बघून आल्यावर त्याच नातीला म्हणाल्या, "आम्ही खो-खो खेळायचो तेव्हा आठ जणी बसलेल्याच असायच्या. पण कधी खो मिळेल सांगता येत नाही, म्हणून बसलेलीचं लक्ष पळणारीपेक्षा जास्त. तू बसलीस की कुठं बघतेस?" मला जे दोन भेटींत नीट सांगता आलं नव्हतं ते आजींनी स्वयंपाकघरात सांगून टाकलं. त्यांच्या शाळेच्या दिवसांतच, 1972 मध्ये, अमेरिकेत टायटल नाइन कायदा झाला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना खेळात मुलींना डावलता येईना. आज इथे गावोगावी मुलींचे संघ दिसतात ते बहुतेक त्यानंतरचे. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नातीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

आता बाकीचं, जे कुटुंबांनी आधीच धरून चालावं. रविवार जातो. मराठी शाळा, कथकचा क्लास, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळं सामन्यांच्या वेळापत्रकाला धडकतं. या घरानं शाळेच्या शिक्षिकेशी आधीच बोलून ठेवलं, आणि दोन महिने मुलीनं घरी आजीबरोबर वाचन केलं. गावच्या संघाला काही शे डॉलर लागतात. वसंतात सुरू होणाऱ्या एएयू क्लबांचा (अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन या संघटनेच्या स्पर्धा खेळणाऱ्या खासगी संघांचा) खर्च त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो. तिथे शनिवार-रविवारात तीन-चार सामने, पेनसिल्व्हेनियातल्या स्पूकी नूकसारख्या प्रचंड संकुलांमध्ये, दोन सामन्यांमध्ये कधी चार तासांचं अंतर. काही स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहावं लागतं, आणि प्रेक्षक म्हणून पालकांनाही तिकीट असतं.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी हे करत असाल तर आकडे बघा. हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी साधारण चार-पाच जणी एनसीएए या मुख्य कॉलेज क्रीडासंघटनेतल्या संघांपर्यंत पोचतात, आणि सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये जेमतेम एक. सर्वांत खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये आणि हार्वर्ड-येलसारख्या कॉलेजांच्या आयव्ही लीगमध्ये तर खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच.

शरीराचं मात्र हलक्यानं घेऊ नका. वयात आल्यावर मुलींना गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतीचा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा बराच जास्त असतो. उडी मारून उतरताना गुडघे वाकवून, आत न वळू देता उतरायला शिकवणारे व्यायाम सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं केले तर तो कमी होतो. कोच ते करून घेतो का, हे विचारा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्ला आहे की आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी, आणि पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला बांधून घेऊ नये.

मुक्कामाच्या स्पर्धांबद्दल पालक संकोचानं विचारत नाहीत, म्हणून मी स्पष्ट लिहिते. कोणताही कोच मुलीला बंद खोलीत एकटीला भेटणार नाही, तिच्या खोलीत राहणार नाही, तिला पाठवलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये पालक असतील. खेळाडूंना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठी झालेल्या 2018 च्या कायद्यानंतर, खेळांतल्या गैरवर्तनाला आळा घालणाऱ्या यू.एस. सेंटर फॉर सेफस्पोर्ट या संस्थेच्या नियमांत हे सगळं आलं आहे. तुमच्या संघाचे लेखी नियम मागा. द्यायला कुणी कां-कूं करत असेल तर तो संघ सोडा, मग तो कितीही जिंकत असो.

या मुलीनं हंगाम पूर्ण केला. शेवटच्या महिन्यात तिला वेळ थोडा वाढवून मिळाला, फार नाही. सुरुवातीच्या पाच जणींत ती कधीच नव्हती. पोटदुखी मात्र पुन्हा झाली नाही. मार्चमध्ये एका क्लबकडून बोलावणं आलं. या वेळी आई, बाबा आणि ती वेळापत्रक पुढ्यात घेऊन बसले. जूनअखेरच्या स्पर्धा भारतात जायच्या तारखांवर येत होत्या, आणि तिला वसंतात पोहायचं होतं. तिनं स्वतः क्लबला नाही कळवलं. ऑक्टोबरमध्ये गावच्या संघाच्या चाचणीला ती पुन्हा जाणार आहे. बाबांनी गॅरेजसमोर बास्केट लावली आहे, आणि डाव्या हाताचे लेअप रोज चालू आहेत.