ड्यूटीवर असताना सरकारी कर्मचाऱ्याला निषेध करता येतो का?

येतो. काम न सोडता येतो. प्रश्न वाचला आणि लिहायला बसलेच.

मी ग्वाल्हेरला राज्य सरकारच्या एका कचेरीत ३१ वर्षं बाबू होते. एकदा महागाई भत्ता थकला, तेव्हा आठ दिवस काळ्या फिती लावून काम करायचं ठरलं. फिती मीच घरी कापल्या, जुन्या छत्रीच्या कापडाच्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "ती चिंधी काढा, नाहीतर नोटीस." माझ्या हातात डबऱ्याहून आलेल्या एका विधवेची फॅमिली पेन्शनची फाइल होती. बाई सकाळच्या पहिल्या बसनं आलेली, मुलाला शेजारणीकडे ठेवून. मी म्हटलं, "साहेब, आधी ही फाइल बघा. फितीमुळे काम अडलं असेल तर आत्ता काढते."

सही झाली. नोटीसही आली. उत्तरात मी १९६२ चा कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार सरकार हा निकाल लिहिला. निदर्शनांवरची सरसकट बंदी सुप्रीम कोर्टानं रद्द केली होती, संपावरची ठेवली होती. पुढे कोणी काही विचारलं नाही.

कचेरीत निभावलं, घरी नाही. त्याच वर्षी गौरीच्या जेवणाला भावोजी भर पंगतीत म्हणाले, "सरकारचं मीठ खायचं आणि सरकारविरुद्धच फिती लावायच्या?" मी वाढत होते. काही बोलले नाही. ते अजून सलतं. पगार कामाचा होता, तोंड बंद ठेवण्याचा नव्हता.

तेव्हा फीत लावा, जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर सभा घ्या, कलेक्टरांना ज्ञापन, म्हणजे मागण्यांचं लेखी निवेदन, द्या. कचेरीच्या आवारात सभा नको. तसा हक्क नाही, हे रेल्वेच्या एका खटल्यात १९६९ सालीच ठरलंय. कलमबंदच्या, म्हणजे कचेरीत येऊन काम बंद ठेवण्याच्या, नादी तर लागूच नका. संपाचा हक्क नाही, असं २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, आणि त्या दिवसाचा पगार जातो तो वेगळाच. शिवाय लोकांची कामं अडवून मागणं मला कधीच पटलं नाही.

हां, हे सगळं माझ्यासारख्या बाबूंपुरतं. पोलिसात असाल तर कायदाच निराळा आणि कडक आहे. अत्यावश्यक सेवा कायदा लागू असेल तर आधी संघटनेच्या वकिलाला विचारा.

आणि घरी कोणी बोललं तर तिथल्या तिथे उत्तर द्या. त्या बाईची पेन्शन पुढच्याच महिन्यात सुरू झाली होती. भावोजींना मी तेवढंही सांगितलं नाही.