गोल्फ क्लबच्या स्पर्धेत हँडिकॅप फुगवून बक्षीस नेणाऱ्यांना कसं रोखायचं?

तुमच्या क्लबात तेच दोन-तीन जण दर वेळी नेट स्कोअरवर (एकूण फटक्यांतून हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट, वजा करून उरतो तो आकडा; जितका कमी तितका चांगला) बक्षीस नेतात, त्याला नियमांत काही उपाय आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, पण राबवणारी समिती खमकी हवी.

जळगाव-भुसावळकडचे आम्ही काही जण बाहेर जाऊन खेळतो, वर्षाकाठी आपसांत स्पर्धा लावतो. हँडिकॅप मी बघतो. आमच्याकडे कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे असतात, त्यातलाच हा प्रकार. व्यापारी निदान मुठीत दाबून ओल तरी बघतो.

2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा अधिकृत आकडा, काढताना शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या 8 धरतात. त्यामुळे चार-दोन फेऱ्या मुद्दाम बिघडवून फारसं साधत नाही. बनेल माणूस वाईट खेळत बसतच नाही, चांगली फेरी झाली की स्कोअरचं कार्ड खिशात घालतो. म्हणून पहिला फटका मारायच्या आधीच फेरीची नोंद करायला लावा. कार्ड त्याच दिवशी, आणि मार्कर (दुसऱ्याचा स्कोअर लिहिणारा) रोजच्या कंपूतला नको. नोंद करून कार्ड दिलं नाही तर समिती दंडाचा (हँडिकॅप खाली आणणारा) स्कोअर चढवू शकते. एकदा चढवा. बोंबाबोंब होईल, होऊ द्या.

वर्षभरातल्या सर्वांत कमी इंडेक्सच्या 3 वर गेलं की पुढची वाढ निम्मीच धरतात आणि 5 च्या वर जाऊच देत नाहीत. उलट एखादी फेरी इंडेक्सपेक्षा 7 ने सरस निघाली तर इंडेक्स 1 ने उतरतो, 10 ने निघाली तर 2 ने. पण तोवर बक्षीस घरी गेलेलं असतं! शिवाय नव्या सभासदाला 54 होलच्या, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्यांइतक्या, कार्डांवर इंडेक्स मिळतो आणि 20 कार्डं होईपर्यंत वाढीचा तो लगाम त्याला लागत नाही. त्यामुळे मोठ्या स्पर्धेला किमान कार्डांची अट घाला. महागाच्या वस्तू नेटला ठेवूच नका; ग्रॉसला, म्हणजे सूट न धरता मारलेल्या एकूण फटक्यांना, ठेवा.

हँडिकॅप वाढला म्हणून कोणी लगेच लबाड ठरत नाही; वय झालं, खांदा दुखावला की फटका आखूड पडतोच. स्पर्धेतली आणि रोजची कार्डं शेजारी मांडून बघा. रोज 92 आणि करंडकाला 80, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर आधी एकट्याला बोलावून विचारा. उत्तर पटलं नाही तर इंडेक्स उतरवायचा अधिकार समितीला आहे.